उन्हाळ्यातलं स्केटिंग: चाक आधी हरतं की आपण?

क्रांती चौकात, एवढ्या रहदारीच्या कडेला बसून स्केटिंगवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच! (हशा) पण मुलांना सुट्टी लागली की पालकांचा प्रश्न हमखास येतो, ‘सर, मे महिन्यात इनलाइन स्केट्सची चाकं वितळतात का हो?’ तर नाही, वितळत नाहीत. मग उन्हात नेमकं होतं काय, ते आज बघू.

चांगलं चाक पॉलियुरेथेनचं असतं. हे रसायन जर्मनीत १९३७ साली ओटो बायर यांनी शोधलं आणि १९७०च्या दशकात ते स्केटिंगच्या चाकांत आलं. चाकावर ८२ए, ८५ए असं काहीतरी छापलेलं असतं, तो त्याचा कठीणपणा. आकडा मोठा तितकं चाक कडक. पण तो मोजतात खोलीच्या तापमानाला. तापलेल्या रस्त्यावर तेच चाक थोडं मऊ पडतं.

आता हिशोब करा. ८० मिलिमीटरच्या चाकाचा घेर साधारण २५ सेंटिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला जवळपास ४००० फेरे. मूल ४० किलोचं असेल, तर एका पायावर घसरताना चार चाकांवर प्रत्येकी १० किलो भार. प्रत्येक फेऱ्यात रबरी भाग दबतो आणि परत फुगतो. दबताना घातलेली सगळी ताकद परत मिळत नाही, थोडी आतच उष्णता होऊन राहते. युरेथेनमधून उष्णता लवकर बाहेर जात नाही. म्हणजे चाक दोन्हीकडून तापतं, खालून रस्ता आणि आतून स्वतःचं दबणं. मऊ चाक जास्त दबतं, पाय ओढल्यासारखे वाटतात आणि खरखरीत रस्त्यावर झीजही लवकर होते. स्वस्त स्केट्सना पीव्हीसीची चाकं असतात, ती तर आणखी लवकर मऊ पडतात.

मग कडक चाक लावलं की झालं? उन्हात थोडा फायदा होतो. पण तेच चाक पहाटेच्या गार, गुळगुळीत फरशीवर निसटतं. म्हणून चाक बदलण्याआधी बाकीच्यांकडे बघा. कोण किती उष्णता सोसतं?

चांगलं युरेथेन साधारण ८० अंशांपर्यंत टिकून काम करतं. रस्त्याचं व्हीजी-३० डांबर मऊ पडायला ४७ अंशांच्या पुढे सुरुवात होऊ शकते. आणि आपली कातडी? ४४ अंशांपासूनच, स्पर्श बराच वेळ राहिला तर, तिला इजा होते. हवा ४२ अंश असताना उन्हातला डांबरी रस्ता सहज ६० वर जातो. तिथे मूल पडलं आणि तळहात टेकला, तर काही सेकंदांत भाजतं. म्हणजे रांगेत सगळ्यात आधी हरते ती कातडी, मग डांबर. चाकाचा नंबर शेवटी! डांबर मऊ झालं की बारीक खडी चाकाला चिकटते, धूळ बेअरिंगमध्ये जाते, आणि आपण दोष देतो चाकाला.

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी ३००० मीटर स्पीड स्केटिंग रिलेत कांस्यपदक मिळवलं. तेव्हा सुट्टीत सराव बंद ठेवा म्हटलं तर मुलं ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं? फक्त वेळ बदला. संध्याकाळी सहाला हवा बरी वाटते, पण दिवसभर ऊन प्यायलेला रस्ता अजून तापलेलाच असतो. तो सगळ्यात गार असतो सूर्योदयाच्या आसपास. म्हणून सराव पहाटेचा, तोही रहदारी नसलेल्या बंद मैदानात.

निघण्याआधी हाताची मागची बाजू जमिनीला पाच सेकंद लावा. धरवत नसेल तर परत फिरा. मनगटाचे, कोपराचे, गुडघ्याचे पॅड आणि हेल्मेट उकडतं म्हणून काढू देऊ नका, पाणी मात्र मधूनमधून प्यायला लावा. चाकं आतल्या बाजूने जास्त झिजलेली दिसली की उलटी फिरवून लावा, पुढची-मागची अदलाबदल करा. आणि स्केट्स उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. तिथे बुटाचा गोंद चाकाच्या आधी सुटतो.

आता प्रश्न घेऊ या.