नाताळचे बासन

दिवाळीचे आकाशकंदील उतरवून माळ्यावर चढविण्याचे दिवस येतात, त्याच सुमारास बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील काही घरांत बांबूच्या कामट्या, खळ आणि रंगीत कागद पुन्हा बाहेर निघतात आणि पाच टोकांच्या ताऱ्याची बांधणी सुरू होते. डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की त्याच घरांत करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या तळल्या जातात, कारण देशावरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाने येशूजन्माचा सण स्वीकारला तो आपल्या आयाबायांच्या हातच्या फराळासकट स्वीकारला. आणि रात्री पेटी, तबला व टाळ घेऊन मंडळी घरोघर गात फिरते, तेव्हा त्या गाण्यांच्या चाली ओळखण्यास भजनाचा कान असलेल्या शेजाऱ्याला सायास पडत नाहीत. म्हणून नाताळाविषयीचा लेख दिवाळी अंकात यावा यात मला काहीच विसंगत वाटत नाही. माझा विषय मात्र सणाच्या सोहळ्याचा नाही; सणाच्या निमित्ताने वर्षातून एकदा जी पेटी उघडली जाते तिच्यातील ऐवजाचा आहे. आजोबांच्या सहीचे पवित्र शास्त्र, पाने सुटलेले गीतपुस्तक, बाप्तिस्म्याचा दाखला, शब्बाथशाळेत बक्षीस मिळालेले चित्रकार्ड, पाठीमागे काहीही न लिहिलेले छायाचित्र, असा तो ऐवज असतो. आणि मराठी ग्रंथकर्तृत्वाशी त्याचा संबंध वरवर पाहणाऱ्यास वाटेल त्याहून कितीतरी निकटचा आहे.

या मुलखाला कौटुंबिक स्मृती लिहून ठेवण्याची सवय जुनी आहे. पुणे, सुपे, चाकण आणि इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीत होते, आणि जहागीर, वतन, इनाम यांच्या व्यवहारात प्रत्येक मातबर घराण्याला आपली वंशावळ, आपले हक्क आणि आपली वहिवाट कागदावर सिद्ध करावी लागे. वतनाचा वाद निघाला की करीना, म्हणजे घराण्याची हकिकत, लिहिला जाई, गोतसभा बसून महजर, म्हणजे निवाडपत्र, होई, आणि त्या कागदांत आजोबा-पणजोबांची नावे, त्यांनी भोगलेली संकटे, गाव सोडून जाणे आणि पुन्हा वसणे हे सारे ओघाने येई. मराठी इतिहाससंशोधकांनी ज्या दफ्तरांच्या आधारावर आपले शास्त्र उभारले त्यांतील पुष्कळसे कागद घरातील स्मृती जपण्यासाठी लिहिले गेले नव्हते, हक्क शाबीत करण्यासाठी लिहिले गेले होते. तरीही स्मृती त्यांच्यामुळेच टिकली.

परंतु ज्यांच्या घरी दफ्तर नव्हते त्यांचे काय? विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ ख्राईस्ट या पंथाच्या मिशनऱ्यांनी बारामतीस आपले ठाणे केले आणि तेथून इंदापूर, दौंड, श्रीगोंदा या बाजूंना त्यांचे कार्य पसरले. त्या काळी ख्रिस्ती मंडळीत जी कुटुंबे आली त्यांतील अनेक गावकुसाबाहेरची होती. सरकारी कागदात त्यांचे नाव आले तर ते दुसऱ्याच्या लेखणीने, दुसऱ्याच्या सोयीने आले. अशा घरात जेव्हा मराठी पवित्र शास्त्राची प्रत आली आणि तिच्या आरंभीच्या कोऱ्या पानावर कोणीतरी नुकत्याच गिरवलेल्या अक्षरांत मुलाचे नाव, जन्माची तारीख आणि बाप्तिस्म्याचा दिवस लिहिला, तेव्हा त्या घराण्याने आपल्या हाताने लिहिलेला तो पहिला करीना होता असे मी मानतो. त्याला साक्षीदारांच्या सह्या नसतील, मोर्तब नसेल. पण ज्या कुळाला पिढ्यान्पिढ्या कोणी वंशावळ विचारली नव्हती, त्या कुळाने स्वतःहून ती मांडली, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासात लहान म्हणता येणार नाही.

घरात जपलेल्या प्रतीवर ग्रंथाचे आयुष्य कसे अवलंबून असते, याचे एक उदाहरण नाताळाशीच निगडित आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आला आणि तेथील लोकांची वाणी शिकून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. त्याच्या दुसऱ्या भागात बेथलेहेमची गव्हाण, मेंढपाळ आणि पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष यांची कथा मराठी ओवीत अवतरली. १६१६ साली हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत हाती लागत नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोवा सोडून दक्षिणेस कानडा जिल्ह्यात गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या नकला घरी बाळगल्या, त्या मोठ्याने वाचल्या, जीर्ण झाल्यावर पुन्हा उतरविल्या. आणि १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे अशाच हस्तलिखितांच्या आधारे त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. १९५६ साली ती देवनागरीत पुण्याहून निघाली तेव्हा मूळ छपाईला तीनशे चाळीस वर्षे होऊन गेली होती. मुद्रणालयाने जे राखले नाही ते घरातल्या फडताळाने राखले, यात मला या सबंध विषयाचे मर्म दिसते.

बारामतीकरांना हे समजण्यास गोव्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत पराडकर तरुण वयात कऱ्हेकाठच्या या गावी आले, पेशव्यांचे सोयरे बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने राहिले आणि १७९४ साली निवर्तले, तोपर्यंत मराठी देवनागरी मुद्रणाचा उदयही झालेला नव्हता. मिशनरी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपुरास छापले गेले ते १८०५ साली. म्हणजे पंतांची आर्या जिवंत राहिली ती कुटुंबीयांनी बासनात बांधून ठेवलेल्या पोथ्यांवर आणि कीर्तनकारांनी करून नेलेल्या नकलांवर. कवी एकांतात लिहितो हे खरे असले तरी त्याचे लिहिणे पुढच्या पिढीच्या हाती पडते ते श्रोते, नकलनवीस, पुत्रपौत्र आणि आश्रयदाते यांच्या एका सलग साखळीने. त्या साखळीतील माणसांची नावे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येत नाहीत, म्हणून त्यांची आठवण मुद्दाम करावी लागते.

बारामतीहून दौंडमार्गे पुण्याच्या रस्त्याला लागले की केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना आणि निराधार विधवांना आपल्या मुक्तीसदनात आश्रय दिला, त्यांना शिकविले आणि स्वतःचे मुद्रणालय चालविले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी एक प्रचंड काम अंगावर घेतले: हिब्रू आणि ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबलचे सोप्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर. विदुषी एकटी होती, परंतु ग्रंथ एकटीचा नव्हता. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छापणे, दुमडणे, शिवणे ही कामे मुक्तीसदनातील स्त्रियांच्या हातांनी झाली. १९२१ साली रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा गेली. त्या दुःखातही भाषांतराचे काम तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्यांना आपली जन्मतारीख सांगणारे कोणी उरले नव्हते अशा मुलींच्या हातांतून हा ग्रंथ घडला, हे ध्यानात घेतले की त्याची जुनी प्रत ज्या घरात असेल त्या घराने ती कोणत्या आदराने उघडावी हे निराळे सांगण्याची गरज नाही.

आता ज्या पुस्तकाविषयी लिहिण्याची माझी सर्वाधिक इच्छा आहे त्याकडे येतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मराठी आत्मचरित्रांत अग्रस्थानी आहेत याविषयी मतभेद क्वचितच आढळेल. पण ते पुस्तक जन्मास कसे आले याचा विचार पुरेसा होत नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पती-पत्नींची ताटातूट झाली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. तिला अक्षरओळख झाली ती नवऱ्याच्या हौसेने. १९१९ साली रेव्हरंड टिळक वारले. त्यानंतर त्यांचे चिरंजीव देवदत्त यांना पित्याचे चरित्र लिहावेसे वाटू लागले आणि त्याच्या साधनांसाठी त्यांनी आईला तिच्या आठवणी लिहून काढण्यास सांगितले. आईने लिहिण्यास आरंभ केला आणि जे उतरले ते चरित्राच्या साधनापुरते राहणारे नव्हते. देवदत्तांच्या 'संजीवनी' नियतकालिकातून ते लेखन प्रसिद्ध होऊ लागले, वाचकांनी पुढच्या प्रकरणाची वाट पाहिली, आणि १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत ग्रंथरूप झाले. १९३६ सालीच लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. पुढे नातू अशोक टिळक यांनी त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. आजीने आठवावे, मुलाने लिहवून घ्यावे आणि छापावे, नातवाने पाठ तपासावा, असा तीन पिढ्यांचा हा उद्योग आहे.

मायलेकांच्या त्या व्यवहारात मला एक विशेष जाणवतो. मुलाने आईला मोठा विषय दिला नव्हता. घरातले आठव, इतकेच सांगितले होते. म्हणून सोवळ्याचा अतिरेक करणारे वडील, भोळा, उदार आणि विक्षिप्त कवी-नवरा, दारी येणारे पाहुणे, उपासमारीचे दिवस, हे सारे त्या पुस्तकात आपापल्या मापाने येते; कोणाचीही बाजू मांडण्याचा खटाटोप त्यात नाही. त्या घराचे गोत रक्ताच्या नात्यापुरते नव्हते. १९०७ साली जळगावास टिळकांच्या पुढाकाराने कविसंमेलन भरले, तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या किशोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली, आणि हा हिंदू मुलगा पुढे टिळकांच्या नगरच्या घरी घरच्यासारखा राहिला. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अकरा अध्यायांवर थांबले होते. ते लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहून पुढे नेले. एका लेखकाचे अपुरे काम दुसऱ्याने हाती घ्यावे, तेही आपले नाव मोठे करण्याचा हेतू न धरता, हे लेखकांच्या बंधुभावाचे अत्यंत दुर्मीळ रूप होय.

या बंधुभावाला संस्थांचेही बळ लाभले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ साली पुण्यास ग्रंथकारांची सभा भरविली, तीच आजच्या साहित्य संमेलनाची गंगोत्री. मराठी ख्रिस्ती लेखकांची संमेलने विसाव्या शतकात निराळी भरू लागली आणि त्यांचे अध्यक्षपद लक्ष्मीबाईंनीही भूषविले. १८४२ साली नगरला निघालेल्या 'ज्ञानोदया'सारख्या पत्रांनी खेड्यातल्या शिक्षकाला आणि पाळकाला छापील अक्षरात आपले नाव प्रथम दाखविले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९९२ साली पुण्याच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही दोन्ही पदे एकाच लेखकाकडे आली, याचा मला मनःपूर्वक आनंद वाटतो.

आता थोडे वस्तूंच्या जतनाविषयी, कारण येथे हयगय फार होते. अठराव्या शतकातील मराठी पोथी आणि विसाव्या शतकातील छापील गीतपुस्तक शेजारी ठेवले तर बहुधा पोथीच अधिक धडधाकट दिसेल. तिचा कागद जुन्नरसारख्या ठिकाणी चिंध्यांच्या वा तंतूंच्या लगद्यापासून हाताने केलेला आणि शाई काजळाची. गीतपुस्तकाचा कागद गिरणीत लाकडाच्या लगद्यापासून झालेला, त्यातील आम्ल काळांतराने पान पिवळे व ठिसूळ करते. म्हणून उद्याची वाट न पाहता अशा पानांची छायाचित्रे आजच घ्यावीत. प्रत प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये, चिकटपट्टी लावू नये. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवावी, आणि कसर-वाळवी लागली नाही ना हे वर्षातून दोनदा पाहावे. छायाचित्राच्या मागे नाव लिहायचे ते मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, न दाबता. उजनीच्या जलाशयासाठी भीमाकाठच्या इंदापूर तालुक्यातील गावांना घरदार सोडावे लागले. अशा वेळी बैलगाडीत आधी धान्य आणि भांडी चढतात, कागद मागे राहतात, हा अनुभव कोणत्याही विस्थापित कुटुंबाला ओळखीचा आहे. जे तेव्हा वाचले ते आता दुर्लक्षाने जाऊ नये.

या दोन तालुक्यांतील वाचकांना, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, माझी विनंती आहे. येत्या २५ डिसेंबरला घरातील पेटी उघडाल तेव्हा सर्वांत वडील माणसाला शेजारी बसवा, एकेक वस्तू त्यांच्या हाती द्या आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. शुद्धलेखन नंतर पाहता येईल. नाव, गाव, नाते आणि अंदाजे साल एवढे तरी प्रत्येक वस्तूपुढे लिहा. त्या वहीच्या तीन प्रती करा: एक घरी ठेवा, एक आपल्या मंडळीच्या पाळकांकडे द्या, आणि एक बारामती किंवा इंदापूरच्या वाचनालयात नेऊन रीतसर पोच घेऊन जमा करा.