बर्फावर जाताना : शेगडी, छाती आणि गुडघे

पूर्वी आपल्याकडची माणसे हिमालयात जायची ती बद्री-केदारच्या यात्रेला, आणि तीही उन्हाळ्यात. आता ऐन थंडीत मुद्दाम बर्फ पाहायला जाणारी कुटुंबे केंदूर-पाबळसारख्या गावांतूनही निघू लागली आहेत. मुलांना स्कीइंग करायचे असते. म्हणजे पायांत जड बूट घालून, त्यांना लांब पट्ट्या अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे. निघण्याच्या आदल्या दिवशी मंडळी दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टर, सर्दीच्या गोळ्या किती घेऊ?" सर्दी ही त्या प्रवासातली सर्वांत किरकोळ गोष्ट आहे. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या देशात स्कीइंगची ठिकाणे मोजकीच आहेत. उत्तराखंडात जोशीमठच्या वरचे औली, हिमाचलात मनालीजवळची सोलंग दरी आणि काश्मीरमध्ये गुलमर्ग ही त्यांतली मुख्य. मनालीची गिर्यारोहण संस्था १९६१ पासूनची आहे आणि तेथे स्कीइंगचे रीतसर शिक्षण मिळते. औली आणि गुलमर्ग येथेही सरकारी अभ्यासक्रम चालतात. चार-सहा दिवस शिकायचे असेल तर अशाच ठिकाणी शिकावे. रस्त्याकडेला तासावर पट्ट्या भाड्याने घेऊन घसरू नये.

उंचीचा हिशेब

आपला शिरूर-केंदूरचा परिसर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. मनाली सुमारे दोन हजार, सोलंग अडीच हजार, गुलमर्ग २,६५० मीटरवर. गुलमर्गच्या पाळण्याचा दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला. तो माणसाला थोड्या वेळात जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे साठ टक्केच असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. मनालीकडे २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून मोटारीतून अर्ध्या-पाऊण तासात तीन हजार मीटरच्या वर पोचता येते. मोटार चढते, पण रक्ताला सवय व्हायला दिवस लागतात.

इथे आपल्या लोकांची एक ठाम समजूत आड येते. "आम्ही दरवर्षी पंढरपूरला पायी जातो, आम्हाला काय होतंय?" वारीने पाय आणि दम तयार होतात हे खरे. पण विरळ हवेची बाधा तब्येत पाहून होत नाही. कसलेला पैलवान आजारी पडतो आणि त्याची आई ठणठणीत राहते, असेही घडते. उलट धडधाकट माणूस घाईने वर चढतो आणि अंगावर काढतो, म्हणून त्याला धोका अधिक.

डोके दुखणे, मळमळ, भूक नसणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसताच आणखी वर जाऊ नये; त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना झोक जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला खाली उतरवावे आणि रुग्णालय गाठावे. अडीच-तीन हजार मीटरच्या वर मुक्काम रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा अधिक चढवू नये. हृदयविकार, दमा, रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटावे, काढल्यावर नव्हे. उंचीच्या त्रासावर गोळी असते, पण ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. सल्फा औषधांचे वावडे असेल त्याने ते आधी सांगावे.

बंद खोलीतला शत्रू

मनालीजवळच्या एका खेड्यात आमचा दहा जणांचा गट उतरला होता. त्या भागातली जुनी घरे पाहण्यासारखी असतात. देवदाराची लाकडे आणि दगड यांचे थरावर थर, त्यांत सिमेंट नाही. खालच्या मजल्यावर गुरे, वर माणसे. जाड भिंतींमुळे आत ऊब राहते. घराच्या मधोमध लोखंडी चूल असते. तिला ते तंदूर म्हणतात. तिचे धुराडे छपराबाहेर काढलेले असते. घरधन्याने आम्हाला एकच गोष्ट बजावली होती : निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत न्यायची नाही.

आमच्यातल्या तिघांना थंडी सोसवेना. त्यांनी रात्री शेगडी आत घेतली आणि दाराच्या फटीला घोंगडे लावले. पहाटे त्यांतला एक जण कसाबसा दार उघडून बाहेर आला व तिथेच बसला. आत दोघांची डोकी फुटत होती, एकाला उलटी झाली होती. उंची लागली असेल, असे सगळे म्हणू लागले. पण त्या खेड्यात आम्ही तिसऱ्या दिवशी होतो, उंची दोन हजारांच्या आसपास, आणि शेजारच्या खोल्यांतली सात माणसे व्यवस्थित होती. एकाच खोलीतली सर्व माणसे एकाच वेळी आजारी पडली की हवेचा संशय घ्यावा. आम्ही तिघांना आधी मोकळ्यावर आणले, पांघरुणात गुंडाळले आणि रुग्णालयात नेऊन प्राणवायू लावला. दुपारपर्यंत तिघेही सावध झाले. आणखी तासभर दार बंद राहिले असते तर आम्ही तीन प्रेते घेऊन परतलो असतो.

कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. करोनाच्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र आहे. पण या विषबाधेत ते यंत्र फसते आणि आकडा चांगलाच दाखवते. आकडा पाहून स्वस्थ बसू नये. काश्मीरची कांगडी आणि न्हाणीघरातला गॅसचा गीझर यांनाही हाच नियम लागू : बंद खोलीत नको.

हाडे, डोळे, कातडी

स्कीइंगमध्ये सर्वाधिक दुखावतो तो गुडघा. पट्टी एकीकडे जाते, शरीर दुसरीकडे वळते आणि आतले अस्थिबंध तुटतात. पडताना बूट पट्टीपासून सुटावा अशी कळ असते. ती आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्यावी. हातातली काठी धरूनच पडल्यास अंगठा मोडतो. आधी पडायला शिकावे, मग घसरायला. हेल्मेट घालावेच. निघण्याआधी दोन महिने रोज उठाबशा आणि जिने चढणे-उतरणे ठेवावे. गुडघा सुजला तर बर्फाने शेकावा, बांधावा, उंचावर ठेवावा आणि त्या दिवशी पुन्हा उतारावर जाऊ नये.

ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. काळा चष्मा नसेल तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. चष्मा ढगाळ दिवशीही लावावा. बोटे बधिर, पांढरी पडली तर ती बर्फाने चोळू नयेत किंवा निखाऱ्यावर धरू नयेत; कोमट पाण्यात ठेवावीत. ओले मोजे ताबडतोब बदलावेत. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. तिने कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहावे.

वाचकांपैकी पुष्कळ जण बर्फाकडे कधी जाणार नाहीत. त्यांनी निदान शेगडीचा भाग लक्षात ठेवावा. आपल्याकडे पौष-माघात बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, धुरी देतात आणि वारा लागू नये म्हणून खिडक्या-दारे लावून घेतात. बाळ झोपाळू झाले, आईचे डोके दुखू लागले की दृष्ट काढतात. शेक द्यायचाच असेल तर दार उघडे ठेवून द्यावा आणि झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात न्यावी. खोलीतल्या सगळ्यांनाच एकदम गरगरू लागले तर आधी बाहेर पडावे, मग १०८ क्रमांकावर फोन करावा.