मांडवावरची शेंग वाळू द्या

भंडारा जिल्ह्यातल्या वरठीत मुंबई-हावडा मार्गावरचे भंडारा रोड स्थानक आहे, पोलादाचा कारखाना आहे. पण वस्ती ओलांडली की धानाच्या बांध्या लागतात. या जिल्ह्याचे मुख्य अन्न भात. भाताच्या प्रथिनात लायसीन हा घटक कमी असतो आणि कडधान्यात तो भरपूर असतो. उलट कडधान्यात कमी पडणारे मेथिओनिन भातातून मिळते. म्हणून भात आणि वरण ही जोडी नुसत्या चवीची नाही. परसातल्या वालाकडे याच हिशेबाने पाहायला हवे. कोवळ्या शेंगांची भाजी चांगलीच होते, पण भाताची उणीव भरून काढण्याचे बळ पक्व दाण्यात आहे. तरीही वेल आपण भाजीपुरताच लावतो आणि शेंग निबर झाली की ती वाया गेली असे समजतो. खरे तर तिथूनच तिचा दुसरा, अधिक टिकाऊ उपयोग सुरू होतो.

दाणा पिकवून वाळवण्याच्या या कामाला विदर्भातली हवा फार मानवते. वालाच्या जुन्या वेलवर्गीय जाती दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला बी टोकले तर वेल पावसाच्या पाण्यावर मांडव भरून टाकतो आणि फुलोरा येतो तो पाऊस सरल्यावर. शेंगा पक्व होतात कोरड्या थंडीत आणि वाळतात माघ-फाल्गुनाच्या चढत्या उन्हात. पावसात पिकणाऱ्या शेंगेला बुरशीची भीती असते, ती इथे फारशी उरत नाही. शेंग पिवळी पडून कागदासारखी झाली आणि हलवल्यावर आत दाणे खुळखुळले की तोडावी, सोलावी आणि दाण्यांना पुन्हा ऊन द्यावे. दाताखाली दाणा दबता कामा नये, कट्कन फुटला पाहिजे.

दुकानात डाळ मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. एका वेलाने वर्षाचे कडधान्य निघत नाही, हे मान्यच करावे लागेल. पण वेलाला जमीन लागते ती एका आळ्यापुरती. बाकी विस्तार बांबूच्या मांडवावर, कुंपणावर किंवा गच्चीच्या कठड्यावर होतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, त्यामुळे युरियाचा खर्चही नसतो. त्याच वेलाची हिरवी शेंग थंडीत भाजीला, ओला दाणा उसळीला आणि सुका दाणा पावसाळ्याच्या बेगमीला येतो. दुकानातली डाळ यातले एकच देते.

दुसरा आक्षेप भुंग्याचा, आणि तो रास्त आहे. भुंगा शेतातल्या शेंगेवरही अंडी घालतो, म्हणून डबा स्वच्छ असूनही दाणे पोखरले जातात. उपाय घरातलेच आहेत: दाणे कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरावेत, किलोला चमचाभर खाद्यतेल चोळावे, किंवा थोडेच असतील तर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावेत. तिसरा आक्षेप कडवटपणाचा. वाळलेल्या वालात, विशेषतः गडद दाण्यात, अपायकारक द्रव्ये असतात, म्हणून तो कच्चा किंवा अर्धकच्चा कधीही खाऊ नये. रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे आणि नव्या पाण्यात पूर्ण शिजवावे. मोड आणून साल काढण्याची बिरड्याची रीत या शहाणपणातूनच टिकली आहे.

दाणा वाळवण्याचे सर्वांत मोठे मोल मात्र बियाण्यात आहे. वालात बहुतांशी स्वपरागीभवन होते, त्यामुळे घरचे बी पुढच्या वर्षी बहुधा आईवरच जाते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालासह कितीतरी गावरान वाण असेच परसातून जपले आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या घरात सगळ्या शेंगा कोवळ्याच तोडल्या जातात, त्या घरातून वाण एका हंगामात नाहीसा होतो. म्हणून यंदा मांडवावरच्या सर्वांत निरोगी वेलाला दोरा बांधा, त्याच्या शेंगांना हात लावू नका आणि त्यातले मूठभर दाणे शेजारच्या घरीही द्या.