हेमलकसामार्गे छत्तीसगड : राष्ट्रीय महामार्ग १३०-डीचा प्रवास

गडचिरोली जिल्ह्यातील सागवानासाठी प्रसिद्ध असलेल्या आलापल्लीतून पूर्वेकडे निघणारा रस्ता हेमलकसा ओलांडून भामरागडला पोहोचतो. शहरी वाचकाला तो आमटे कुटुंबाच्या लोकबिरादरी प्रकल्पाकडे नेणारा रस्ता म्हणून ठाऊक आहे. शासनदरबारी मात्र तो राष्ट्रीय महामार्ग १३०-डी असून, छत्तीसगडमधील कोंडागाव हे त्याचे दुसरे टोक आहे.

हा क्रमांक कसा ठरला? २०१० मध्ये देशातील महामार्गांची फेरक्रमवारी झाली. त्यानुसार तीन अंकी क्रमांकातील शेवटचे दोन अंक मूळ महामार्ग दर्शवितात. म्हणजेच १३०-डी ही ३० क्रमांकाच्या महामार्गाची शाखा होय. रायपूर-जगदलपूर हा मार्ग याच महामार्गाचा भाग असून कोंडागाव त्यावर वसले आहे. दुसऱ्या टोकाला आलापल्ली येथे ही शाखा साकोली-गडचिरोली-सिरोंचा या ३५३-सी महामार्गास मिळते. नागपूरहून येणारा प्रवासी चंद्रपूर वा गडचिरोलीमार्गे आष्टीला येतो आणि तेथून आलापल्ली गाठतो.

मार्ग कसा आहे?

आलापल्ली ते भामरागड हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे. पेरमिली, ताडगाव, कुडकेल्ली ही गावे मागे टाकीत रस्ता घनदाट जंगलातून हेमलकशाला येतो. पुढे भामरागड, धोडराज, लाहेरी आणि बिनागुंडा या पट्ट्यातून तो राज्याची सीमा ओलांडतो. पलीकडे निलांगूर, कुतुल, नारायणपूर आणि शेवटी कोंडागाव असा क्रम आहे.

यातील मधला टप्पा अबुझमाडचा. डोंगराळ आणि दीर्घकाळ महसुली मोजणीबाहेर राहिलेला हा प्रदेश अनेक दशके माओवाद्यांचा बालेकिल्ला होता. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळील चकमकीत १७ पोलिसांना वीरमरण आले. रस्ता नकाशावरच राहण्याचे हे एक प्रमुख कारण. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षी केंद्राने कुतुल ते निलांगूर या सुमारे २१ किलोमीटरच्या टप्प्यासाठी दीडशे कोटींहून अधिक रुपये मंजूर केले.

खरा अडसर नदीचा

तथापि, हेमलकसा परिसरातील रहिवाशांच्या दृष्टीने कोंडागाव फार दूर आहे. त्यांचा प्रश्न हेमलकसा आणि भामरागड यांमधील जेमतेम तीन-चार किलोमीटरचा. या अंतरात पर्लकोटा नदी आडवी येते. जवळच पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. इंद्रावतीला पूर आला की तिच्या फुगवट्यामुळे पर्लकोटेचे पाणी मागे सरते आणि जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जातो. भामरागडात तुरळक पाऊस असला तरी छत्तीसगडमधील पावसाने वाहतूक बंद पडते, ती यामुळेच. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडचा संपर्क वारंवार तुटला आणि बाजारपेठेत पाणी शिरले.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात सारा परिसरच जगापासून तुटत असे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभारलेल्या तेथील दवाखान्यात माडिया रुग्ण दूरवरून पायी वा खाटेवरून येत. डांबरी रस्त्याने हे अंतर कमी केले. परंतु दवाखाना नदीच्या अलीकडे आणि लाहेरीकडील गावे पलीकडे, ही स्थिती पूर आला की आजही जाणवते. अडलेली बाळंतीण वा सर्पदंशाचा रुग्ण पाणी ओसरण्याची वाट पाहू शकत नाही.

जंगलाचे काय?

रुंदीकरणासाठी वनजमीन वळती करावयाची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची परवानगी लागते. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने येथील ग्रामसभांना तेंदू, बांबू आणि सामूहिक वनांवर हक्क दिले आहेत. रस्त्याबरोबर रुग्णवाहिका आणि एसटी येईल, तसेच जंगलाबाहेरची वर्दळही येईल. म्हणूनच दोन राज्ये जोडणाऱ्या या महामार्गाची उपयुक्तता त्याच्या लांबीवर ठरणार नाही. भर पावसाळ्यात लाहेरीचा रुग्ण हेमलकशाला पोहोचतो की नाही, हीच तिची कसोटी राहील.