उन्हात टिकणारा खाऊ

वाशिम जिल्ह्यात लहान लेकरू असलेल्या घरी कोणी रिकाम्या हाताने जात नाही. मामा येवो, आत्या येवो, पोरं आधी पिशवीकडे बघतात. बाजार समितीत सोयाबीनचं माप झालं, पैसे हातात पडले, की घराकडे निघालेले आबाजी किराणा दुकानापाशी थांबतातच. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत हात घालून दुकानदार मूठभर 'चॉकलेट' काढून देतो. गेल्या दोन-तीन पिढ्यांत इथल्या घराघरांतून लाड पोचला तो असा, आणि ते चॉकलेट म्हणजे बहुतेक वेळा कोकोची वडी नसून रंगीत कागदात पिळून बांधलेली साखरेची गोळी. अशा गोळ्यांमध्ये मराठी मुलखाने आपलं मानलेलं नाव म्हणजे रावळगाव.

कोकोच्या वडीला वाशिमने दार उघडलं नव्हतं असं नाही. कॅडबरी कंपनी 1948 मध्ये भारतात आली आणि तिच्या नावाला गावोगावी मान मिळाला. अडचण हवामानाची होती. चॉकलेटला आकार देणारं कोकोचं लोणी साधारण 34 अंशांना वितळतं. माणसाच्या अंगाची ऊब त्याहून जास्त असते, म्हणूनच खरं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळतं. त्याची सगळी चव या गुणात आहे आणि वऱ्हाडात त्याची सगळी पंचाईतही यातच. एप्रिल-मे महिन्यांत वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, सगळीकडे पारा चाळिशी ओलांडतो. लोडशेडिंगच्या वर्षांत दुकानातला फ्रीज तासन् तास बंद राहायचा. वडी वितळायची, रात्री पुन्हा घट्ट व्हायची आणि तिच्यावर पांढरट थर यायचा. तो थर बुरशीचा नसतो, वर आलेल्या स्निग्धांशाचा असतो. पण गिऱ्हाइकाला ते कोण सांगणार? असा माल दुकानदाराच्या अंगावर पडायचा. एसटीच्या गर्दीत खिशातून न्यायला तर ती वडी अगदीच निरुपयोगी.

साखरेची गोळी मात्र मे महिन्यातही तशीच राहते. तिचं शास्त्र आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचं आहे. लाडू वळणाऱ्या बायका एकतारी पाक ओळखतात, चिक्कीसाठी गोळीबंद पाकापर्यंत जातात. कारखान्यातला पाक त्याच्याही पुढे, सुमारे 145 ते 150 अंशांपर्यंत आटवतात. तेव्हा त्यात पाणी उरतं अवघं दोन-तीन टक्के. नुसती साखर एवढी आटवली तर ती दाणा धरते, म्हणून सोबत ग्लुकोजचा पाक घालतात. तो साखरेच्या कणांना रांगेत बसू देत नाही. उकळता रस थंड पाट्यावर ओततात, तो मऊ असतानाच रंग, आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल आणि अर्क मिसळतात, मग त्याचा जाड गोळा फिरत्या रुळांमधून ओढून दोरासारखा बारीक करतात. तो दोर साच्याखाली जातो आणि एकेक गोळी छापून बाहेर पडते. झटपट गार झालेला हा पाक म्हणजे खरोखर काच असते, साखरेची काच. तिला उन्हाचं भय फारसं नाही, भय दमट हवेचं. श्रावणात बरणीचं झाकण उघडं राहिलं की गोळ्या पाणी सुटून कागदाला चिकटतात. दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या त्या घट्ट कागदाचं खरं काम ओल अडवण्याचं. शोभा ओघाने येते.

रावळगाव हे गाव नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आहे. वाशिमकरांनी मालेगाव म्हटल्यावर आपलं मालेगाव जहांगीर समजू नये. हे मालेगाव यंत्रमागांचं. सोलापुरात 1882 मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी रावळगावची सुमारे दीड हजार एकर खडकाळ माळजमीन घेतली, तिच्यावर ऊस उभा केला आणि 1933 मध्ये रावळगाव शुगर फार्म ही कंपनी काढली. 1942 पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. साखर दारात, मग साखरेचा खाऊही तिथेच करावा, असा तो सरळ विचार.

वालचंदांचं नाव निघालं की सिंदिया कंपनीची जहाजं, बंगळूरचा 1940 चा विमान कारखाना आणि प्रीमियर मोटारी यांचं स्मरण होतं. ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्यांच्या उद्योगांपैकी सगळ्यांत लांबवर पोचली ती ही गोळी. ज्या घरातल्या माणसाने जहाज कधी पाहिलं नाही, मोटारीत पाऊल ठेवलं नाही, त्या घरातल्या पोराच्या मुठीत ती होती. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टूटी फ्रूटी, चोको क्रीम, सुप्रीम ही तिची नावं दुकानातल्या फळीवर वाचतच कित्येक जण मोठे झाले.

आणि हळूहळू ती आपल्या रीतीभातींतही शिरली, याचं मला विशेष वाटतं. संक्रांतीनंतर घरोघरी बोरन्हाण होतं. काळ्या झबल्यातल्या, हलव्याचे दागिने घातलेल्या लेकराच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओततात. त्या ओतण्यात आता गोळ्या-चॉकलेटं असतातच आणि जमलेली पोट्टी बोरं सोडून आधी त्यांच्यावर झडप घालतात. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर गोळी पडते. वाढदिवसाचं पोर नवा ड्रेस घालून वर्गभर पुडा फिरवतं, गुरुजींना दोन देतं, जिवलग मैत्रिणीलाही हळूच दोन. प्रेम मोजून वाटण्याचा बहुतेकांचा तो पहिलाच अनुभव. तिळगुळाने, हलव्याने आपल्याकडे हे काम शतकानुशतकं केलं, पण ते सणापुरतं. गोळीमुळे साध्या मंगळवारीही ते करता येऊ लागलं.

इंग्लंडात रिचर्ड कॅडबरी यांनी एकोणिसाव्या शतकात हृदयाच्या आकाराच्या चॉकलेटच्या पेट्या बाजारात आणल्या आणि चॉकलेट प्रियकर-प्रेयसीच्या भेटीचं झालं. ती चाल वाशिमच्या कॉलेजांपर्यंत आली आहे. नऊ फेब्रुवारीचा चॉकलेट डे मुलांना पाठ असतो. येऊ दे, आनंदच आहे. आपल्याकडे मात्र चॉकलेटचं नातं आधी जडलं ते आजोबा-नातवाशी, मामा-भाचीशी. हे नातं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात मागणं काहीच नसतं.

रावळगावला पुढे दिवस कठीण आले. साखर, इंधन, मजुरी सगळं महागलं, पण रुपया-दोन रुपयांच्या नाण्याला बांधलेली किंमत वाढवता येईना. मोठ्या कंपन्या आणि गल्लोगल्लीचे छोटे उत्पादक, दोन्हीकडून बाजार आक्रसत गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने ही नावं, व्यापारचिन्हं आणि गोळ्यांच्या पाककृती 27 कोटी रुपयांना विकत घेतल्या. जमीन, इमारती आणि यंत्रं जुन्या कंपनीकडेच राहिली. ऐंशी वर्षांत कमावलेल्या ओळखीला ही रक्कम फार थोडी झाली, असं मला वाटतं.

वाशिममध्ये आज बड्या दुकानांत काचेच्या थंड कपाटात कोकोच्या वड्या मांडलेल्या दिसतात आणि त्याच दुकानात काउंटरवर गोळ्यांच्या बरण्याही असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गात चाळीस पोरं असली तर चाळीस वड्या घेणं सोयाबीन सोंगायला मजुरीने जाणाऱ्या आईला झेपत नाही. गोळ्यांचा एक पुडा झेपतो. नव्या मालकांनी कागद बदलावा, चव बदलावी, जाहिरात बदलावी. पुड्याची किंमत मात्र त्या आईच्या हाताबाहेर जाऊ देऊ नये.