सागरपर्यटन, व्हीलचेअर आणि खोलीची निवड

गेल्या काही वर्षांत आम्हा डॉक्टर मंडळींना एक नवा प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. मुलगा किंवा कन्या परदेशी स्थायिक झालेली असते, आईवडिलांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होत असतात आणि त्या निमित्ताने सर्वांनी मिळून जहाजाने सफर करावी असा बेत ठरतो. मग रात्री उशिरा दूरध्वनी येतो, "डॉक्टर, बाबांना नेता येईल ना?" बाबांना पक्षाघात झालेला असतो, अथवा आई संधिवाताने जखडलेली असते. क्वचित घरातील एखादे लहान मूल जन्मापासून व्हीलचेअरवर असते.

प्रकृती स्थिर असल्यास या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थी द्यावे, असे माझे मत आहे. बसच्या सहलीत दिवसातून आठ वेळा पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात आणि दर दोन दिवसांनी हॉटेल बदलते. जहाजावर सामान एकदाच उघडायचे. भोजनगृह, नाट्यगृह, ग्रंथालय आणि दवाखाना लिफ्टच्या अंतरावर. गावेच आपल्या भेटीला येतात. अपंग व्यक्तीसाठी याहून सोयीचा प्रवास सहसा सापडत नाही. परंतु "नेता येईल का" एवढे विचारून कुटुंबीय थांबतात. "कोणत्या खोलीत" हे कोणी विचारत नाही, आणि सफरीचे सुखदुःख बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

प्रवासी जहाजावरील खोल्यांचे स्थूलमानाने चार वर्ग असतात: खिडकी नसलेली आतली खोली, खिडकीची खोली, सज्जाची खोली आणि स्वीट. (हा शेवटचा शब्द मराठीत लिहिला की उगाचच गोड वाटतो.) हे वर्ग जागा, देखावा आणि सरबराई पाहून पाडलेले आहेत. अपंगांची सोय ही या चारही वर्गांना छेदून जाणारी निराळी बाब आहे. स्वीट ऐसपैस असूनही अपंगाला निरुपयोगी असू शकतो आणि आतली स्वस्त खोली पूर्णपणे सोयीची असू शकते. आपल्या मंडळींचा समज मात्र असा की, पैसे थोडे अधिक मोजले म्हणजे सोय आपोआप होते.

नेहमीच्या खोलीत, ती कितीही महाग असो, न्हाणीघराच्या दाराशी काही इंचांचा उंबरठा असतो. जहाज हेलकावले तरी पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो. जुन्या जहाजांवर खोलीचे दार २२ ते २४ इंच रुंद असते आणि न्हाणीघराचे त्याहूनही अरुंद. आपल्याकडे मिळणारी प्रौढांची साधी घडीची व्हीलचेअर चाकांसह सुमारे २५ ते २६ इंच भरते. हिशेब येथेच संपतो. याउलट खास अपंगांसाठी बांधलेल्या खोलीत दाराची मोकळी रुंदी ३२ इंच किंवा अधिक असते, खुर्ची वळविण्यासाठी ५ फूट व्यासाची जागा राखलेली असते आणि न्हाणीघर विनाउंबरठ्याचे असते. शॉवरखाली भिंतीला घडीची बैठक, भोवती धरण्याचे दांडे आणि उंच कमोड असतो. कपाटातील दांडीही बसल्या हाताला येते. खोलीला सज्जा असेल तर त्याच्या उंबऱ्यावर उतार केलेला असतो.

स्वीटमध्ये बहुधा आणखी एक अडचण असते, ती म्हणजे टब. अनेक जहाजांवर, विशेषतः ‘मिनी स्वीट’ नावाच्या वर्गात, टब आणि त्यातच शॉवर अशी रचना आढळते. निरोगी माणसाला ती चैन वाटते. अर्धांग दुर्बल झालेल्या रुग्णाला मात्र एका पायावर भार तोलून दुसरा पाय टबाच्या कडेवरून उचलायचा असतो, तोही ओल्या आणि किंचित हलणाऱ्या जमिनीवर. पडण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती मुद्दाम निर्माण करणे कठीण! काही मोठ्या जहाजांवरील सर्वांत महागडे स्वीट तर दुमजली असतात. २००९ साली सुरू झालेल्या ‘ओअॅसिस ऑफ द सीज’वर ते आहेत. निजण्याची खोली वरच्या मजल्यावर असली, की गुडघ्यांच्या रुग्णाला त्या वैभवाचा काय उपयोग?

माझ्याकडे उपचार घेणाऱ्या दोन बडोदेकर कुटुंबांचे अनुभव येथे सांगण्यासारखे आहेत. दोघांकडेही उजव्या अंगाचा पक्षाघात झालेले काका होते. दोघेही घरात काठीने चालणारे आणि बाहेर व्हीलचेअर वापरणारे. दोन्ही कुटुंबे वर्षभराच्या अंतराने अमेरिकेतील मुलांसह अलास्काच्या सात रात्रींच्या सफरीला गेली. पहिल्या कुटुंबातील चिरंजीवांनी अत्यंत प्रेमाने सज्जासह मोठा स्वीट घेतला. दिवाणखाना प्रशस्त होता, परंतु न्हाणीघरात उंबरठा आणि आत टब. आरक्षण करताना प्रवास-प्रतिनिधीने "व्हीलचेअर चालेल" असे सांगितले होते, ते दिवाणखान्यापुरते खरे ठरले. सातही दिवस काकांचे अंग खुर्चीवर बसवून ओल्या टॉवेलाने पुसण्यात आले. रात्री लघवीला उठायचे म्हणजे मुलाला उठवायचे, म्हणून काकांनी संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडले. परतल्यावर ते माझ्याकडे आले ते मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे. स्वीटविषयी त्यांनी एक शब्दही तक्रारीचा काढला नाही. मुलाचे मन दुखावेल ही त्यांना धास्ती होती.

दुसऱ्या कुटुंबाने काका-काकूंसाठी अपंगांच्या सोयीची खिडकीची साधी खोली घेतली आणि समोरच स्वतःसाठी बिनखिडकीची आतली खोली. दोन्हींचे भाडे मिळून त्याच जहाजावरील स्वीटपेक्षा कमी झाले. त्या काकांनी शॉवरखालच्या बैठकीवर बसून, डाव्या हाताने दांडा धरून, रोज स्वतः आंघोळ केली. आजारपणानंतरच्या तीन वर्षांत दुसऱ्याच्या हाताविना आंघोळ त्यांनी प्रथमच केली होती. काकू मला म्हणाल्या, "डॉक्टर, मी रोज सकाळी चहा घेऊन तासभर डेकवर बसत होते. हाक आलीच नाही."

या दुसऱ्या कुटुंबाने जे प्रश्न आधी विचारले, त्यांतील एक डॉक्टरांनाही सहसा सुचत नाही. अपंगांच्या सोयीच्या खोल्या सर्व सारख्या नसतात. काही पूर्ण सोयीच्या असतात. काहींत पलंगाच्या एकाच बाजूने खुर्ची नेता येते. काही थोडेफार चालू शकणाऱ्यांपुरत्या असतात. त्यांत दांडे असतात, मात्र खुर्ची वळविण्याची जागा नसते. पक्षाघाताच्या रुग्णाला खुर्चीवरून पलंगावर किंवा कमोडवर सबळ बाजूने सरकणे सोपे जाते, हे आपण जाणतोच. म्हणजे उजवे अंग दुर्बल असल्यास दांडा आणि मोकळी जागा डाव्या हाताला हवी. जहाजाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या खोल्या बहुधा एकमेकींच्या आरशातील प्रतिमेसारख्या बांधलेल्या असतात. त्यामुळे एकाच वर्गातील, एकाच भाड्याच्या दोन खोल्यांपैकी एक रुग्णाला स्वावलंबी करते आणि दुसरी परावलंबी. जहाज कंपन्यांमध्ये अपंग प्रवाशांसाठी स्वतंत्र विभाग असतो. त्यांच्याकडून त्या विशिष्ट क्रमांकाच्या खोलीचा मापांसह आराखडा मागवून घ्यावा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावा. रुग्णाला उचलण्याचे यंत्र लागत असेल तर त्याचे पाय सरकण्याइतकी मोकळी जागा पलंगाखाली आहे का, हेही विचारावे. आणि हा आराखडा प्रथम रुग्णाच्याच हाती द्यावा. कोणत्या कोपऱ्यात तोल जातो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

जहाजावर खोली कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. जहाजाचे डोलणे मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी जाणवते. महागडे स्वीट मात्र देखाव्यासाठी वरच्या मजल्यांवर, कित्येकदा अगदी मागच्या टोकाला असतात. तोल जाणाऱ्या, भोवळ येणाऱ्या किंवा पार्किन्सनच्या रुग्णासाठी मध्यभागी, लिफ्टजवळ आणि शक्य तो खालच्या बाजूस खोली घ्यावी. आग लागल्यास लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून संकटकाळी एकत्र जमण्याच्या जागेपासून खोली फार दूर नसावी. जानेवारी २०१२ मधील ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’च्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. २०१५ पासून सुटका-प्रशिक्षण जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावे लागते. त्या वेळी अपंग प्रवाशाला कोण आणि कसे नेणार, हे तेथील अधिकाऱ्यांकडून स्पष्ट करून घ्यावे. विजेवर चालणारी खुर्ची खोलीतच ठेवावी लागते, बाहेरच्या अरुंद बोळात ठेवू देत नाहीत. तेव्हा तिच्यासाठीही जागा आणि जवळ विजेचा प्लग हवा.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा विचार निराळा आहे. त्याला सज्जा नको, कारण रात्री उठून दार उघडण्याचा धोका असतो. बिनखिडकीची खोलीही नको. तेथे दिवे मालवले की दिवस-रात्रीचा भेद उरत नाही आणि गोंधळ वाढतो. न उघडणारी खिडकी असलेली खोली त्याला सर्वांत योग्य. कर्णबधिरांसाठी दारावरची घंटा वाजल्यास लुकलुकणारा दिवा आणि उशीखाली कंप पावणारा गजर बहुतेक मोठ्या जहाजांवर मागणी केल्यास मिळतो.

अशा खोल्या फार थोड्या असतात. हजारो प्रवाशांच्या जहाजावरही त्या काही डझनांच्या पुढे सहसा जात नाहीत, आणि त्यांतील स्वीट तर बोटांवर मोजण्याइतके. म्हणून वर्षभर आधी आरक्षण करावे. भाडे सामान्यतः त्याच वर्गातील इतर खोल्यांइतकेच असते. जागा मोठी मिळते म्हणून धडधाकट माणसेही त्या अडवीत असत. आता बहुतेक कंपन्या गरजेविषयी लेखी निवेदन घेतात, हे योग्यच झाले. कायद्याचे पाठबळही आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निर्णय दिला, की अपंगांविषयीचा १९९० चा कायदा अमेरिकन सागरी हद्दीत येणाऱ्या परदेशी ध्वजाच्या प्रवासी जहाजांनाही, काही मर्यादांसह, लागू होतो. युरोपीय संघात डिसेंबर २०१२ पासून अपंग प्रवाशांना विनामूल्य साहाय्य देणे बंधनकारक आहे. जुन्या जहाजांच्या भिंती मात्र कायद्याने रुंद होत नाहीत. २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे जाणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचे आहे. जवळचा प्रवास म्हणून त्याचा विचार करणाऱ्यांनी मापांची विचारणा अधिकच काटेकोरपणे करावी. (आपल्या स्वतःच्या सभागृहांच्या व्यासपीठांना किती पायऱ्या आहेत, हेही एकदा मोजण्यासारखे आहे.)

खोली मनासारखी मिळाली तरी बंदरांची यादी तपासायला हवी. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही. ते दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. ग्रीसमधील सांतोरिनी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. लक्षद्वीपच्या बेटांवरही होडीनेच उतरावे लागते. समुद्र खवळलेला असल्यास, किंवा खुर्ची जड असल्यास, अपंग प्रवाशाला होडीत घेण्यास नकार मिळू शकतो. अलास्काची सफर या दृष्टीने बरी. जुनो, स्कॅगवे आणि केचिकन येथे मोठी जहाजे धक्क्याला लागतात. स्कॅगवेहून डोंगरात जाणाऱ्या, १९०० साली पूर्ण झालेल्या जुन्या रेल्वेत व्हीलचेअर चढविण्याची यांत्रिक सोय आहे. ग्लेशियर बेमध्ये तर कोणीच उतरत नाही. हिमनदीचे कडे समुद्रात कोसळताना सर्वांनी जहाजावरूनच पाहायचे. तेथे काका आणि नातू एकाच पातळीवर असतात. भरती-ओहोटीचा फरक तिकडे मोठा असल्याने उतरण्याच्या फळीचा उतार तासातासाला बदलतो. सौम्य उताराची वेळ खलाशांना विचारून घ्यावी.

कर्मचारी खुर्ची ढकलतील, ताट वाढतील. आंघोळ घालणे, उचलणे, भरविणे ही कामे ते करत नाहीत. त्यासाठी सोबत माणूस हवा आणि त्याला झोपायला जागा हवी; म्हणूनच समोरासमोरच्या दोन खोल्या मला स्वीटपेक्षा अधिक पसंत. जहाजावरील दवाखान्यात ईसीजी, क्ष-किरण आणि प्राथमिक तपासण्या होतात, परंतु डायलिसिस सामान्य जहाजांवर नसते. तेथील उपचारांचे देयक भरघोस असते. पूर्वीपासूनचे आजार आणि रुग्णाला हलविण्याचा खर्च ज्यात समाविष्ट आहे असाच प्रवास-विमा घ्यावा. इन्सुलिनसाठी खोलीतील छोट्या शीतपेटीवर विसंबू नये. तिचे तापमान पुरेसे खाली जात नाही. औषधांसाठीची शीतपेटी आगाऊ मागावी. श्वासयंत्र वापरणाऱ्यांनी विजेच्या सोयीची चौकशी लेखी करावी. लाट-संरक्षक असलेले एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर जप्त होतात.

राहिले आपले प्रमाणपत्र. "प्रवासास योग्य" एवढ्या दोन शब्दांनी जहाज कंपनीला खोली निवडता येत नाही. रुग्ण आधाराने किती पावले चालतो, एखादी पायरी चढू शकतो का, कोणते अंग दुर्बल आहे, खुर्चीवरून स्वतः सरकतो की एका माणसाच्या मदतीने, खुर्चीची रुंदी आणि वजन किती, बॅटरी कोणत्या प्रकारची, रात्री किती वेळा उठावे लागते, हे सर्व लिहावे. औषधांची मूळ नावे द्यावीत, कारण आपल्या व्यापारी नावांचा तिकडे बोध होत नाही. पत्राची एक प्रत आरक्षणाबरोबर पाठवावी, एक रुग्णाच्या खिशात आणि एक सोबतच्या माणसाजवळ असावी.