अपूर्णांकाचा आलेख आडवा का पडतो?

नागपूरचे एक संत्रे तिघांत सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १/३ संत्रे येते. हीच संख्या दशांशात लिहू लागलात, तर ०.३३३... हे शेपूट संपतच नाही. संगणकापुढेही हाच पेच असतो.

सेजमॅथसारखी गणिताची आज्ञावली अंश आणि छेद हे दोन पूर्णांक जवळ ठेवून १/३ तंतोतंत सांभाळते. आलेख काढणाऱ्या आज्ञावल्यांची रीत निराळी. मॅटप्लॉटलिब घ्या, किंवा मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी निर्माण केलेली, त्रिमितीय चित्रे काढणारी ‘मायावी’ घ्या. त्यांचे काम मुख्यतः ‘फ्लोट’ प्रकारच्या संख्यांवर चालते. नेहमीच्या फ्लोटला ६४ द्विमान अंकांची जागा मिळते. त्यात संख्येचे सार्थ अंक ५३, म्हणजे दशमान पद्धतीतले सुमारे १५ ते १६. पुढचे शेपूट छाटावे लागते.

ही छाटणी केव्हा करावी, हा खरा प्रश्न आहे. वहीत एक प्रयोग करा. १/१० ची दुप्पट करा. उत्तर १ किंवा अधिक आले, तर त्यातून १ वजा करा. पुन्हा दुप्पट करा. उत्तरे येतील १/५, २/५, ४/५, ३/५ आणि पुन्हा १/५! हे चक्र कधीच थांबणार नाही.

आता हाच प्रयोग संगणकावर आरंभीच ०.१ चा फ्लोट करून पाहा. द्विमान पद्धतीत १/१० लाही न संपणारे शेपूट आहे. ते छाटताना शेवटचा अंक वरच्या बाजूस पूर्ण केल्यामुळे साठवलेली संख्या खऱ्यापेक्षा किंचित मोठी होते, आणि ही चूक दर पायरीला दुप्पट होत जाते. पन्नासाव्या पायरीपर्यंत ती आलेखात डोळ्यांना जाणवतही नाही. ५४ व्या पायरीला २/५ ऐवजी ०.५ येतात आणि ५५ व्या पायरीला शून्य! शून्याची दुप्पट शून्यच; म्हणून पुढे नुसती आडवी रेघ. संगणक मात्र कोणतीही सूचना देत नाही.

मग उपाय कोणता? सर्व पायऱ्या अपूर्णांकातच करा आणि आलेख काढण्याच्या क्षणी तेवढ्या उत्तरांचे फ्लोट करा. पडद्याच्या रुंदीत ठिपके असतात काही हजार. तेथे १५ अंकांची अचूकता पुरून उरते.

पायथॉन भाषेत ‘फ्रॅक्शन’ नावाचा संख्याप्रकार आहे. तो वापरून ६० पायऱ्यांचे दोन्ही आलेख एकावर एक काढा. दोन्ही रेघा कोठे वेगळ्या होतात, ते तुम्हीच पाहा. आणि आरंभी १/१० ऐवजी १/८ घेतला तर काय होईल? आधी वहीत करा, मग संगणकाला विचारा!